रणगाड्याचं बूड

माझे आकाशकंदिलांचे फर्मे मला अजून परत मिळालेले नाहीत. ज्यांनी ते ठेवून घेतले ते शेठजी गेले. कापडबाजारातल्या त्यांच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतात. फर्मे बहुधा भंगारात गेले असतील, तरी मी त्यांच्यावरचा हक्क सोडलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे ज्यांचे उपकार सांगायचे आहेत ते सांगताना मध्ये मध्ये हा काटा टोचायला नको. टोचेलच, पण कमी.

फर्मा म्हणजे पत्र्याचा कापलेला आकार. खाली कागदांची चळत ठेवायची, वर फर्मा दाबून धरायचा आणि त्याच्या कडेने सुरी फिरवायची, की सगळे कागद एकाच आकाराचे कापून निघतात. कंदिलाचा जीव त्या आकारात असतो. कागद काय, कुणीही आणतो.

शेठजींचं दुकान कागदी मालाचं. दिवाळीचे कंदील, संक्रांतीचे पतंग, लग्नसराईत पताका आणि मिठाईचे खोके. मी गावाकडून नगरला आलो तेव्हा मला कागद सरळ दुमडतासुद्धा येत नव्हता. सुरी कशी धरायची ते त्यांनीच शिकवलं. मनगट हलवायचं नाही, कोपर हलवायचं. आज माझ्या हातात जे काही आहे ते त्या एका वाक्यावर उभं आहे, आणि ते वाक्य त्यांचं आहे. हेही लिहून ठेवतो. पण कमळाचा कंदील, चांदणी आणि ते विमान, जे घेऊन श्रीगोंद्यापासून संगमनेरापर्यंतचे दुकानदार शेठजींची पाठ थोपटत, ते मी काढले होते.

त्र्याहत्तर साली गणपती उठले आणि मी शेठजींना सांगितलं, मी आता माझं स्वतःचं काम सुरू करतो, माझे फर्मे द्या.

शेठजी शांतपणे म्हणाले, "पत्रा कुणाचा?"

"तुमचा."

"आणि ज्या वेळात कापले तो वेळ?"

"त्याचा पगार तुम्ही दिलाय. पण डोकं माझं होतं."

"मग डोकं घेऊन जा. मी कुठे ठेवून घेतोय. फर्मे इथे राहतील."

मी हातातली कात्री गल्ल्यावरच्या काचेवर आपटली. काच तडकली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. मी पायऱ्या उतरत असताना ते गादीवरूनच म्हणाले, "दिवाळीपर्यंत येशील परत. पायऱ्या झाडून ठेवतो."

ते वाक्य मी घरापर्यंत चावत चावत आलो. बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "भांडायचंच होतं तर दिवाळीनंतर भांडायचं. बोनस तरी हातात पडला असता."

"तू कुणाच्या बाजूची आहेस?"

"मी तांदळाच्या बाजूची आहे," ती म्हणाली.

तेच कंदील मी डोक्यातून पुन्हा काढू शकलो असतो. पण बाजारात ते शेठजींचे म्हणून ओळखले जात होते. मी विकायला बसलो असतो तर नक्कल माझी ठरली असती, आणि तेही माझ्याच मालाची. म्हणून दुसरं काही तरी हवं होतं, जे शेठजींकडे नाही आणि नव्हतं. आणि दिवाळीच्या आत हवं होतं. नाही जमलं तर त्या झाडलेल्या पायऱ्या चढाव्या लागणार होत्या. सगळं त्या एका गोष्टीवर येऊन थांबलं होतं.

माझ्या मनात एक गोष्ट आदल्या दिवाळीपासून होती. युद्ध संपून वर्ष होत आलं होतं, तरी पोरांच्या तोंडी तेच होतं. मी गल्लीगल्लीतून पोरांचे मातीचे किल्ले बघत हिंडलो होतो. धंद्याचा माणूस दिवाळीतसुद्धा रिकामा हिंडत नाही. प्रत्येक किल्ल्यावर महाराज सिंहासनावर, दारात मावळे, आणि पायथ्याशी काडेपेटीला उदबत्तीची काडी खोचून केलेला रणगाडा. सगळीकडे काडेपेटी. म्हणजे मागणी आहे आणि माल नाही. मी ते तेव्हा शेठजींना सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "दिवाळीला लोक दिवे घेतात रे, तोफा नाही."

आता मी ठरवलं, कागदाचा रणगाडा काढायचा. काडेपेटीसारखा अंदाजे नाही. बघणाऱ्याने म्हणावं, हा तो आहे.

तो नगरमध्येच होता. एका बागेच्या कोपऱ्यात चौथऱ्यावर शत्रूकडून पकडलेला एक रणगाडा आणून ठेवला होता. लोक रविवारी पोरांना घेऊन बघायला जात. मी सुतळीचा गुंडा घेऊन गेलो. इतकी लांब टेप माझ्याकडे नव्हती, म्हणून एक टोक पट्ट्यावर धरायचं, सुतळी ताणायची, गाठ मारायची आणि घरी येऊन फूटपट्टीवर मोजायची, असा बेत होता. तिसरी गाठ मारली आणि मागून आवाज आला.

"ओ पाव्हणं, गाठी कसल्या मारताय? शर्ट शिवायचाय का त्याला?"

बागेचा राखणदार होता. पस्तिशीचा माणूस, अंगात खाकी शर्ट, डाव्या कानापासून मानेपर्यंत भाजल्याचा वण. तो युद्धात रणगाडा चालवत होता आणि नंतर जखमेमुळे फौजेतून मोकळा झाला, हे मला पुढे कळलं. लोक त्याला दफेदार म्हणत. रणगाड्यांच्या पलटणीत तो हुद्दा असतो.

दोघं बाकावर बसलो. मी सौदा सुरू केला. म्हटलं, मापं घेऊ द्या, रोज एक चहा पाजतो. तो समोर बघत राहिला. म्हटलं, चहा आणि बिडीचं बंडल. तो समोरच. मी म्हटलं, चहा, बंडल आणि दिवाळीला घरी लावायला कंदील. तो हूं की चूं नाही. मी आयुष्यात पुष्कळ पक्के लोक पाहिले, पण चेहऱ्यावरची रेघ न हलवता माझ्याकडून तीन वेळा भाव वाढवून घेणारा हा पहिलाच. माझं डोकं फिरलं. मी उठून त्याच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "अहो, हो म्हणा, नाही म्हणा, काही तरी बोला."

तो म्हणाला, "तुमी कवापास्नं बोलताय का काय? ह्या कानानं मला ऐकू येत न्हाई. हिकडच्या अंगाला बसा."

मी उजव्या बाजूला जाऊन बसलो आणि पुन्हा चहापासून सुरुवात केली.

"चहा नगं," तो म्हणाला. "तयार झाला की एक मला द्या. पन पुरा पायजे. अर्धवट चालनार न्हाई."

एवढंच. मी मनात म्हटलं, स्वस्तात सुटलो. कमी मागणाऱ्या माणसाला नेमकं काय हवंय ते तिथल्या तिथे विचारून घ्यावं, हे मी त्यानंतर शिकलो.

चार दिवस जात होतो. तो सुतळीचं दुसरं टोक धरायचा. मी सगळी चाकं सारख्या अंतरावर मांडत होतो, तर त्याने बोट लावून दाखवलं की पहिल्या आणि दुसऱ्या चाकात जागा जास्त आहे, बाकीची जवळ जवळ आहेत. तोफ अमुक इतकीच वर जाते. मागचा भाग पुढच्यापेक्षा बुटका आहे. मी विचारलं, हा तर शत्रूचा, तुम्हाला याचं इतकं कसं माहीत? तो म्हणाला, "ज्याचं भ्याव वाटतं त्याच्याकडं मानूस नीट बघतो."

घरी आल्यावर खरी गंमत सुरू झाली. आधी मी फुटाला अर्धा इंच धरून काढला. बायको म्हणाली, "याला किल्ला पुरायचा नाही, गच्ची लागेल." मग फुटाला पाव इंच धरला. तो इतका लहान झाला की कुंभाराचा मावळा शेजारी ठेवल्यावर वाटे, हा आता पाय उचलून त्याच्यावर देईल. शेवटी फुटाला तीन सूत धरले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतारलोकांचं माप. रणगाडा बरोबर वीतभर आला. मावळा तरी थोडा मोठाच दिसत होता. म्हटलं, आपल्या मावळ्याने शत्रूपेक्षा थोडं मोठं दिसायला काय हरकत आहे.

अंग म्हणजे खोका, ते मला झोपेत येतं. पण वरचा बुरूज उपड्या वाटीसारखा गोल होता, आणि कागदाची वाटी होत नाही. कागद एका बाजूने वाकतो, दोन्हीकडून वाकवला की चुरगळतो. तीन दिवस मी कागद चुरगळत होतो आणि घरातल्यांवर ओरडत होतो. चौथ्या दिवशी मला माझं कमळ आठवलं. कमळाच्या कंदिलाची पाकळी खाली रुंद, वर निमुळती असते. पाकळ्या एकमेकींना चिकटवल्या की गोलाई आपोआप येते. मी आठ पाकळ्यांचं कमळ काढलं, उपडं केलं, माथा सपाट कापला. बुरूज झाला. शेठजींनी फर्मा ठेवून घेतला होता, कमळ माझ्याकडेच राहिलं होतं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

तोफ उदबत्तीच्या काडीवर कागद गुंडाळून केली. पट्ट्याच्या कागदाला आडव्या घड्या घातल्या, त्यामुळे तो खराच वाटे. चाकं रबरी शिक्क्याने उमटवली. कार्डशीट शेवाळी रंगाचं घेतलं. दुकानदाराशी एवढी घासाघीस केली की शेवटी तो म्हणाला, माल घ्या पण आता बोलू नका.

आणि इथे मी हुशारी केली. एका कार्डशीटमध्ये बुडासकट तीन रणगाडे बसत होते, बुडाशिवाय चार. किल्ल्यावर ठेवल्यावर रणगाड्याचं बूड कोण बघतो? मी बूड काढून टाकलं. फर्मे कापले, आणि दसऱ्यानंतर आम्ही दोघं नवराबायको सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तेच करत बसलो. मी कापायचो, ती खळ लावून चिकटवायची.

पहिला तयार झालेला घेऊन मी दफेदाराकडे गेलो. त्याने तो हातावर घेतला, चाकं बघितली, तोफ बघितली, बुरूज फिरवून बघितला. मान हलवली. मग उलटा केला. आत मोकळं होतं.

"ह्याला बूड कुठाय?"

"ते दिसत नाही कुणाला."

"मला दिसतंय की."

"अहो, किल्ल्यावर ठेवायचाय. उलटा करून कोण बघणार आहे?"

"पुरा ठरला हुता," तो म्हणाला आणि त्याने तो माझ्या हातात परत दिला. आवाज चढवला नाही. मी मात्र चढवला. म्हटलं, फुकटात मिळतंय त्याला नावं ठेवायची ही कुठली रीत. सुतळी धरली म्हणून कुणी मालक होत नाही. तो ऐकत होता की त्याने मुद्दाम डावा कान माझ्याकडे केला होता ते मला सांगता येणार नाही. मी रणगाडा पिशवीत घातला आणि घरी आलो.

माल चांगला उठला. शाळांना सुट्टी लागायच्या आतच मी नगरमधल्या दुकानांत दिला, आणि जामखेडचा एक दुकानदार एस्टीने येऊन मोठी पिशवी भरून घेऊन गेला. मी बायकोला म्हणालो, "पायऱ्या झाडत बसा म्हणावं."

चार दिवसांनी जामखेडवाला परत आला. तीच पिशवी घेऊन. त्याने ती आमच्या खोलीत उपडी केली. आतून शेवाळी लगदा पडला. त्यात कुठे चाकं दिसत होती, कुठे उदबत्तीची काडी.

"मालक, ह्ये काय दिलं तुमी? ह्याची काय भाकरी थापावी आमी?"

मी म्हटलं, तुम्ही पाण्यात टाकले असतील.

"आमी कशाला टाकतोय? पोरं किल्ल्यावर पानी शिंपडत न्हाईत व्हय? आळीव उगवायला नगं?"

मी त्याच्यावर ओरडलो. कागदाचा माल आहे, समजायला नको का, वगैरे पुष्कळ. तो ऐकून घेऊन म्हणाला, "ओरडा, ओरडा. ओरडून वाळनार असलं तर मीबी मदत करतो."

तो गेल्यावर बायको हळूच म्हणाली, "दरवर्षी पोरं पाणी शिंपडतात हो. किल्ला हिरवा व्हायला."

"गेल्या वर्षी मी एवढे किल्ले बघितले. एकावर पाणी नव्हतं."

"गेल्या वर्षी प्यायला तरी होतं का?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी बाजार बघून ठेवला होता तो बहात्तरच्या दुष्काळाच्या दिवाळीत. त्या वर्षी हंड्याला माणसं भांडत होती. मातीपुरतं सांडपाणी मिळालं तरी पोरं खूश. आळीव पेरू कोण देणार? किल्ले कोरडे ठणठणीत होते, आणि मी ते बघून माल काढला. यंदा पाऊस चांगला झाला होता, आणि एका दिवाळीचं राहून गेलेलं सगळं पाणी पोरं याच किल्ल्यांवर ओतत होती. माझा रणगाडा उघड्या कडांवर ओल्या मातीत उभा राहायचा. कडा पाणी ओढायच्या, खळ सुटायची आणि तो बसकण मारायचा.

दिवाळी आठवड्यावर आली होती. घरात कापलेल्या मालाचा ढीग होता आणि नगरची दुकानंही एकेक करत माल परत करायला लागली होती. मी दाराकडे पाठ करून बसलो. मला पायऱ्या दिसत होत्या, झाडलेल्या.

बायको म्हणाली, "त्या दफेदाराला विचारून या."

"त्याला काय विचारायचं? तो काय कागदाचा माणूस आहे?"

"तो पावसापाण्यातला माणूस आहे. जाऊन या. ओरडू नका फक्त."

मी गेलो. या वेळी आधीच त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो. मग भिजलेला एक रणगाडा पिशवीतून काढून बाकावर ठेवला. त्याने तो बघितला. हसला नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. त्याच्या जागी मी असतो तर हसलो असतो.

"खाली पानी लागलं?"

"हो."

"मेनबत्ती घासा," तो म्हणाला. "आमी नकाशाला घासायचो. कागूदच असतो की नकाशा. मेन घासून वरनं जरा ऊब दिली की पानी वरच्या वर घसरून जातं. पन घासनार कशाला? खाली तर काय न्हाईच तुमच्या. बूड घाला आदी."

मी मान्य केलं. मग न राहवून विचारलं, "दफेदार, त्या दिवशी तुम्ही बुडासाठी एवढं का धरून बसलात?"

त्याने चौथऱ्याकडे बोट केलं. "वाका जरा. पुढच्या बाजूला, डायवर बसतो त्याच्या मागं. झाकन दिसतंय का?"

मी वाकलो. लोखंडाच्या पोटात एक झाकण होतं. चार दिवस मी तिथे सुतळी ताणली होती आणि एकदाही खाली बघितलं नव्हतं.

"आमच्या गाडीलाबी हुतं," तो म्हणाला. "गाडी पेटली तवा वरनं निघायला जागा न्हवती. मी खालनं निघालो. ह्या गाडीवर राखनीला आलो तर पयल्या दिशी सरपटत जाऊन ह्येच बघितलं, ह्याला हाय का म्हून."

मग म्हणाला, "माजी आई हाय गावाकडं, संगमनेराच्या फुडं, अकोल्याच्या वर. ती दर खेपंला इचारती, लोखंडाच्या पेटीतनं तू निघालास कसा. मी म्हनतो, खालनं. ती म्हनती, खाली कुनी दार ठेवतं व्हय? मला फसवतोस. गावातलीबी म्हनत्यात, बाकीची ऱ्हायली आन ह्योच कसा आला. मला वाटलं, तुमच्याकडनं एक करून घ्यावा, तिच्या हातात द्यावा. तुमी बूडच काढलं."

मी बाकावरचा भिजलेला रणगाडा उचलून पिशवीत घातला.

घरी आलो. बुडासाठी कार्डशीट नव्हतं आणि उधारीवर आणखी मिळणार नव्हतं. बायकोने पलंगाखालून गेल्या वर्षीच्या कॅलेंडरांचा गठ्ठा काढला. शेठजींच्या दुकानात उरलेली, जाड कागदाची. मी ती कधी तरी खोक्यांसाठी आणली होती. त्यांची बुडं कापली. ती एकेक बूड पाटावर ठेवून मेणबत्ती घासायची आणि वरून कोळशाची इस्त्री अलगद फिरवायची, की मेण कागदात जिरायचं. बाजूच्या कडांनाही दोन बोटं उंचीपर्यंत तसंच. पहिला जोडून झाला तेव्हा तिने परातीत पाणी घेतलं आणि तो वर ठेवला. आम्ही जेवायला बसलो. जेवण होईपर्यंत दोघंही परातीकडे बघत होतो आणि कुणी भाजीला नाव ठेवलं नाही. रणगाडा तरंगत होता. उचलून उलटा केला तर दुष्काळाच्या वर्षातला कार्तिक महिना कोरडाच्या कोरडा होता.

प्रत्येक बुडावर पुढच्या बाजूला मी झाकणाचा शिक्का उमटवला. तो कुणी मागितला नव्हता आणि त्याचा भावही मी लावला नाही.

जामखेडला मी स्वतः एस्टीने नवा माल घेऊन गेलो. दुकानदाराने एक रणगाडा माझ्यासमोर तांब्याभर पाण्याखाली धरला, वाट बघितली, मग मला चहा पाजला. म्हणाला, "आता ओरडा, किती ओरडायचं त्ये." नगरच्या दुकानांनीही पुन्हा माल घेतला. वसुबारसेपासून आमच्या खोलीत हातपाय ठेवायला जागा नव्हती.

धनत्रयोदशीच्या दुपारी खालून ओळखीचा खोकला ऐकू आला. शेठजी आमचा जिना चढून येत होते. लाकडी जिना, अरुंद. बायकोने सकाळीच झाडला होता, सणाचा म्हणून, त्यांच्यासाठी नाही. त्यांनी पाणी घेतलं, ढिगाकडे बघितलं, एक रणगाडा उचलला. तो बुरूज बघताच ते थांबले. ते कागदातले माणूस होते.

"हे कमळ आहे."

"हो."

"उपडं."

"हो."

मग त्यांनी तो उलटा केला, मेणावरून बोट फिरवलं आणि खाली ठेवला. "पुढच्या वर्षी दुकानातून विकू. फर्मे मला दे, तुला हिस्सा देतो."

"माझे फर्मे द्या, मग बोलू."

"ते माझ्या पत्र्याचे आहेत."

"हे माझ्या पत्र्याचे आहेत."

ते हसले. मी हसलो नाही. जाताना त्यांनी नातवासाठी एक घेतला. मी पुरा भाव लावला आणि त्यांनी तो घासाघीस न करता दिला. त्यांच्या हाताखाली काढलेल्या सगळ्या वर्षांत त्यांना असं करताना मी पाहिलं नव्हतं. ती त्यांची शाबासकी होती हे मला कळलं. पण शाबासकी म्हणजे फर्मे नव्हेत.

दफेदाराचा रणगाडा मी वेगळा केला. चांगलं कार्डशीट, दुहेरी बूड, आणि त्यात बोटाने उघडेल असं झाकण, कापडाची बिजागरी लावून. आत ड्रायव्हरची बसायची जागाही केली. झाकण किती मोठं असतं हे मी चौथऱ्यावर रणगाड्याखाली उताणा झोपून सुतळीने मोजलं. वर एवढं लोखंड आणि खाली एवढीशी वाट. त्यातून भरल्या अंगाचा माणूस कसा निघाला असेल, ते मला तिथे पडल्या पडल्याही नीट कळेना. म्हातारीचं काही चुकत नव्हतं.

तो भाऊबिजेला गावी गेला आणि आठवड्याने आला. मी बाकावर उजव्या बाजूला बसलो.

"काय म्हणाल्या आई?"

"आदी म्हनली, ह्यो कसला खेळ आनलास. मग मी उलटा केला, झाकन उघाडलं. म्हनलं, ह्यातनं. तिनं त्यात बोट घातलं. लई येळ घालून बसली. मग शेजारनीला हाक मारली, तिलाबी बोट घालाय लावलं. सगळी आळी येऊन बोट घालून गेली, बगा."

"मग ठेवला कुठे?"

"देव्हाऱ्यात. उलटा. चाकं वर, झाकन वर. म्या सुलटा केला तर वराडली माज्यावर. झाकनाला हळदकुकू लावलंय." आणि म्हणाला, "मेन लावलंत ते बरं केलं. रोज देवाबरूबर त्यालाबी पानी शिंपडती."

त्यानंतर किती तरी दिवाळ्या माझं घर त्या रणगाड्यांनी चालवलं. पुढे प्लॅस्टिकचे आले आणि मी खोक्यांच्या धंद्यात गेलो, त्यात देवाने कमी केलं नाही. बुरुजाचा, पट्ट्याचा, अंगाचा असे त्या रणगाड्याचे सगळे फर्मे आजही माझ्या कपाटात तेल लावून ठेवलेले आहेत. त्यात बुडाचा फर्मा सगळ्यात वर असतो. शेठजींचा नातू मध्यंतरी भेटला तेव्हा म्हणाला, काका, लहानपणी तुमचा रणगाडा होता माझ्याकडे, फार जपला होता. मी त्याला चहा पाजला, त्याच्या आजोबांनी मला सुरी धरायला कशी शिकवली ते सांगितलं. उठताना म्हटलं, घरच्या माळ्यावर एकदा बघ बाबा, पत्र्याचे काही फर्मे सापडले तर.